घनपाठी गुरुजींचे पुढचे दात

दिनानाथ गर्गे यांचे पुढचे चार दात पंचगंगा घाटावर पडले, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि तोवर आपल्याला दात आहेत याची त्यांनी कधी दखलही घेतली नव्हती.

साल दोन हजार तेरा. कार्तिकस्नानाचा तिसरा दिवस. गंगेचा पूर ओसरून महिना झाला होता, पण खालच्या पायऱ्यांवरचा गाळ अजून कोणी धुतला नव्हता. दुर्गाघाटावर जन्मलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये. पण दिनानाथांच्या तोंडात पाठ चालू होता, आणि पाठ चालू असला की या गृहस्थांना पायाखालचं दिसत नसे. पाय सरकला आणि तोंड पायरीच्या कडेवर आपटलं. वरचे चार दात गंगार्पण झाले. उजवा सुळा तेवढा जागेवर राहिला, पण त्यालाही तडा गेला. नाववाल्यांनी धरून बसवलं, तर पंच्याचं टोक तोंडाशी दाबून दिनानाथांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? अर्धा राहिलेला मंत्र पुरा म्हणून पाहिला. जे काही बाहेर आलं ते ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाववाले म्हणाले, "गुरुजींना फार लागलं."

लागलं होतंच, पण ते रडले ते वेगळ्या गोष्टीसाठी. दिनानाथ घनपाठी होते. घनपाठ म्हणजे मंत्रातली पदं सरळ, उलट, पुन्हा सरळ अशी ठरलेल्या क्रमानं गुंफून म्हणायची. एका ओळीच्या दहा ओळी होतात आणि एक अक्षर चुकलं तरी गुंफण सुटते. हे काम जोडीनं करतात. दिनानाथांची जोडी गोपीनाथ पुराणिकांशी. दोघं आठव्या वर्षापासून एका गुरूच्या पुढ्यात बसलेले. गुरूंच्या अखेरच्या आजारपणात दोघांनी त्यांना शब्द दिला होता, की आपल्या शाखेची सगळी संहिता, चाळीसच्या चाळीस अध्याय, घनात पुरी म्हणू. नऊ वर्षं चाललं होतं. तेहतीस अध्याय झाले होते, सात राहिले होते. आणि गोपीनाथ वैशाखात काशी सोडणार होते. त्यांच्या पत्नीला जाऊन वर्ष झालं होतं, डोळे अधू झाले होते. नाशिकच्या बँकेत असलेला मुलगा विष्णु अक्षय्यतृतीयेला न्यायला येणार, हे ठरलेलं होतं.

म्हणजे हातात सहा महिने होते, आणि तोंडात दात नव्हते.

काशीत एखाद्याचा दात पडला की गल्लीतला प्रत्येक जण वैद्य होतो. पानवाला म्हणाला, "गुरुजी, दांत का क्या है, प्लेट बनवा लीजिए, दो दिन का काम." शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, त्यांच्या साडूनं दोन्ही बाजूंचे दात घासून वरून पूल बसवून घेतलाय, अक्रोड फोडतो. "आता या वयात अक्रोड कशाला फोडायचेत?" असं दिनानाथांच्या पत्नी शरदिनी म्हणाल्या, तेव्हा पोस्टमास्तर रागावून गेले. आणखी एक जण म्हणाला, बोळकं तोंडसुद्धा शोभून दिसतं, वय झाल्यासारखं वाटतं.

दिनानाथांनी आधी प्लेट करून घेतली. टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी, तिला पुढे चार दात. आरशात छान दिसली. मग ते गोपीनाथांकडे गेले, खाली मांडी घालून बसले आणि म्हणू लागले. समोर गोपीनाथ डोळे मिटून. त्यांची एक पद्धत होती: कुठे खोट ऐकू आली की तर्जनी वर करायची, बोलायचं नाही. पहिल्या ओळीत तर्जनी दोनदा वर गेली. पुढे पुढे ती खाली यायचीच बंद झाली. टाळूवरच्या पट्टीमुळे जिभेला तिची जागाच मिळेना. त, थ, द, ध सगळे गुळणी भरून म्हटल्यासारखे यायचे.

"दिना," गोपीनाथ डोळे उघडून म्हणाले, "हे चालायचं नाही."

"सवय झाली की येईल."

"सवय तुझ्या जिभेला होईल. माझ्या कानाला कशी होईल रे?"

शिवाय घरात निराळीच पंचाईत. आचमनाच्या आधी गुरुजी ती पट्टी काढून ठेवत आणि नंतर पुन्हा घालत. संध्या, पूजा, जेवण, असं दिवसातून आठ-दहा वेळा. एकदा ती देवापुढच्या वाटीत राहिली आणि दर्शनाला आलेल्या बाईंनी त्या वाटीलाही हात जोडले. त्या दिवशी शरदिनींनी पट्टी उचलून कपाटात टाकली. "अहो, एक काय ते करा. पक्कं करा, नाहीतर तसेच बसा."

तसं बसणं दिनानाथांच्या स्वभावात नव्हतं. चौकशी करून ते रामनगरला गेले. तिथं डॉ. मृणालिनी सोमण यांचा दवाखाना होता. मूळची ब्रह्माघाटची पोर, लहानपणी गुरुजींच्या मांडीवर खेळलेली, लग्न होऊन पलीकडच्या तीराला गेलेली. मराठी घरापुरती, बाकी सगळं हिंदीत. तिनं यंत्रात मान अडकवून फोटो काढला आणि पडद्यावर गुरुजींना त्यांचा स्वतःचा जबडा दाखवला.

"गुरुजी, तीन रास्ते आहेत," ती म्हणाली. "प्लेट तर तुम्ही बघितली. दुसरा पूल. त्यात बाजूचे दात घासून त्यांच्यावर टोपी बसवायची आणि मध्ये चार दात लटकवायचे. पण तुमच्या सुळ्याला तडा आहे, तो एवढं वजन बिलकुल उचलणार नाही. तिसरा इम्प्लांट. हड्डीत स्क्रू बसवायचा, तो आत पक्का झाला की त्यावर दात."

"चार दातांना चार?"

"नाही, दोन पुरतात. दोन कडांना दोन, मधले त्यांच्या आधारानं."

"टाळूवर काही येणार?"

"काही नाही. टाळू तुमचा तुमच्याकडे."

"मग हेच," दिनानाथ म्हणाले. एक घाव दोन तुकडे.

"थांबा हो, पूरी बात ऐका. उजवीकडे हड्डी फार पातळ झालीय. तिथं भर घालावी लागेल. बाजारात पूड मिळते, ती जास्त करून जनावराच्या हड्डीची असते. गाईबैलाची."

गुरुजी गळ्यातल्या निळ्या कागदी रुमालासकट खुर्चीतून उठले. दारापर्यंत गेले. तिथून परत आले, कारण रागावून गेलं तर सात अध्याय तसेच राहतात हे दारात पोहोचेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"दुसरं काय आहे ते सांग, पोरी."

"तुमचीच हड्डी. खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूनं थोडी काढायची आणि वर लावायची. दुखेल जास्त. दोन जखमा होतील."

"माझीच ना? मग दुखू दे."

कार्तिक संपता संपता दोन्ही स्क्रू बसले, उजवीकडे हाडाची भर पडली. गुरुजींनी हूं की चूं केलं नाही. निघताना मृणालिनीनं बजावलं: पंधरा दिवस बोलणं बंद. अक्षरसुद्धा नाही. जीभ पुढे लागता कामा नये. दिनानाथांनी मान डोलावली. मौनाचं त्यांना काय अवघड? व्रतवैकल्यांत जन्म गेलेला. घरी येऊन त्यांनी पाटी-पेन्सिल मागवली आणि पंधरा दिवस असं कडकडीत मौन पाळलं, की भाजीत मीठ नाही हेसुद्धा पाटीवर लिहून कळवलं. शरदिनी बहिणीला फोनवर म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा घर शांत आहे."

सोळाव्या दिवशी मृणालिनीनं तोंडात आरसा घातला आणि तिचा चेहरा उतरला. डावा स्क्रू पक्का होता. उजव्याचे टाके उसवले होते, भर सरकली होती आणि स्क्रू बोटानं हलत होता.

"गुरुजी, काही कडक खाल्लं? पान खाल्लं?"

नाही.

"बोललात?"

"एक शब्द नाही," गुरुजी दुखावून म्हणाले. शरदिनींनीही साक्ष दिली.

"मग दिवसभर करत काय होता?"

"काय करणार? पाठ."

"पाठ? बोलल्याशिवाय?"

"उपांशु," गुरुजींनी समजावलं. "ओठ हलतात, जीभ हलते, आवाज बाहेर येत नाही. शेजारच्यालासुद्धा ऐकू येत नाही. त्याला बोलणं म्हणत नाहीत." आणि त्यांनी करून दाखवलं. मृणालिनी वाकून बघत राहिली. आवाजाचं नाव नव्हतं; पण आत जीभ भरधाव धावत होती, आणि त-थ-द-ध आलं की बरोबर त्या उसवलेल्या टाक्यांवर जाऊन आदळत होती.

"रोज किती वेळ?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"फार नाही. सहा-सात तास. एरवी सवड कुठे असते?"

मृणालिनी स्टुलावर बसली. तिला हसावं की रडावं कळेना. पंधरा दिवस घनपाठी माणसानं, तोंड रिकामं मिळालंय म्हणून, एरवीच्या दुप्पट पाठ करून घेतला होता. डॉक्टरनं बोलू नका म्हटलं होतं. वेद म्हणणं म्हणजे बोलणं, हे गुरुजींच्या स्वप्नातही आलं नसतं. बोलायचं माणसांशी. वेद म्हणायचा.

हे कळलं तेव्हा दिनानाथांचा चेहरा पडला. चूक दुसऱ्या कोणाची असती तर त्यांनी दोन शब्द सुनावले असते. स्वतःला काय सुनावणार? ते म्हणाले, "आता?"

"आता दोन गोष्टी होऊ शकतात. हा काढायचा, चार महिने थांबायचं, पुन्हा भर घालून पुन्हा बसवायचा. आरामात, भाद्रपदापर्यंत."

"वैशाखाच्या आत काय होतं ते सांग."

तिनं पडद्यावर सुळ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. "इथली हड्डी मजबूत आहे. पण तिथं सुळा बसलाय. तडा गेलेला आहे, सांभाळला तर पाच-सात वर्षं राहीलही. तो काढला, तर त्याच जागी लांब स्क्रू घालता येईल. भर नको. साडेतीन महिन्यांत पक्का होईल. पण गुरुजी, तुमचा स्वतःचा दात जातो. आणि हाही हलला तर मग माझ्याकडे तिसरा रस्ता नाही. मी तर म्हणते थांबा. जल्दी काय आहे?"

शरदिनी म्हणाल्या, "थांबू या हो. आहे तो दात कशाला घालवायचा?"

दोघींचं बरोबर होतं. तुम्ही-आम्ही असतो तर थांबलो असतो. दिनानाथांनी जिभेनं तो सुळा एकदा चाचपला, बहुधा निरोप घेतला असावा, आणि खुर्चीत मागे टेकले.

"काढ," ते म्हणाले. "सुळा माझ्या एकट्याचा आहे. सात अध्याय आम्हा दोघांचे आहेत."

मार्गशीर्षात सुळा निघाला, नवा स्क्रू बसला. या वेळी मृणालिनीनं पाठाचं कलम स्वतंत्र घातलं: उपांशु बंद, पुटपुटणं बंद, जीभ खाली आडवी, हलवायची नाही. म्हणायचं ते मनात. पहिले सहा आठवडे पूर्ण, पुढेही जपून.

आणि आता दिनानाथांना कळलं की मनात म्हणणं ही काय चीज आहे. मनात पहिलं पद उमटलं की जीभ आपोआप उठायची. पंचावन्न वर्षं जिला एकच काम शिकवलं, ती ऐकते कशी? त्यांनी ती खालच्या दातांत धरून पाहिली, तोंडात पाण्याचा घोट धरून पाहिला. दोन दिवस पाठच सोडून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी ताप आल्यासारखे पडून राहिले. शरदिनींना ते बघवेना. त्यांनी निरोप पाठवून गोपीनाथांना बोलावून घेतलं.

गोपीनाथ काठी टेकत जिना चढून आले, समोर बसले. "दिना, हात आहे ना तुझा?"

दिनानाथांनी उजवा हात पुढे केला.

त्यांच्या शाखेत मंत्र म्हणताना उजवा हात चालतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, कुठे आडवा, कुठे बोटं मिटून. लहानपणी गुरू हात धरून शिकवत. पुढे तो आपसूक चालतो, त्याच्याकडे कोणी लक्षही देत नाही.

"तू हातानं म्हण. तोंडानं मी म्हणतो. लक्ष हातात ठेवलंस की जीभ निजून राहील."

रोज सकाळी गोपीनाथ येऊ लागले. ते म्हणत, दिनानाथ समोर तोंड घट्ट मिटून हात चालवत. पहिले काही दिवस जीभ वळवळली, मग खरंच निजली. झालेले तेहतीस अध्याय त्यांनी असे उजळून काढले. नवे सात मात्र शिवले नाहीत. शरदिनींनी एकदा विचारलं, "एकाचा आवाज, एकाचा हात, तेवढ्यावर नाही का चालायचं?" गोपीनाथ म्हणाले, "वहिनी, शब्द दोघांच्या तोंडचा दिलाय." दिनानाथांनी जोरानं मान हलवली. पौषातल्या धुक्यात, दहा वाजले तरी समोरचा तीर दिसत नसे तेव्हा, डोळ्यांनी अधू झालेला हा माणूस भिंत धरत धरत गल्लीतून येई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं दिनानाथांचं झालं होतं. मित्राला 'उद्या नको येऊस' एवढंही म्हणता येत नव्हतं. आणि खरं तर म्हणायचं नव्हतंच.

फाल्गुनात मृणालिनीनं दोन्ही स्क्रू तपासले. किल्ली लावून जोर दिला. काही हललं नाही. तिनं दुसऱ्यांदा जोर दिला, मग तोंडावरचा मास्क काढून म्हणाली, "पत्थर झालाय, गुरुजी."

"आता दात," गुरुजी म्हणाले. "पण माझी एक अट आहे. दात कसे हवेत हे आरसा ठरवणार नाही. हा ठरवेल." आणि त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या गोपीनाथांना हाताला धरून आत आणलं.

पक्के दात करण्याआधी मेणात बसवून पाहतात, लांबी, जाडी, रेषा. बहुतेक माणसं हसून दाखवतात आणि घरी जातात. दिनानाथ मेणातले दात लावून खुर्चीत ताठ बसले आणि घन म्हणू लागले. कोपऱ्यातल्या स्टुलावर गोपीनाथ, डोळे मिटून. तर्जनी वर गेली.

"काय झालं?" मृणालिनीनं विचारलं.

"स जातोय वाऱ्यावर. दातांमागे जागा जास्त आहे."

तिनं मागच्या बाजूला मेणाचा पातळ थर दिला. पुन्हा पाठ. पुन्हा तर्जनी. "आता द जाड झाला." तिनं केसभर खरवडलं. बाहेर पेशंट खोळंबले, दारातून डोकावू लागले. एक बाई विचारून गेल्या की आत कथा चाललीय का. मृणालिनीनं आधी घड्याळाकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. अकराव्या वेळी दिनानाथांनी एक मंत्र पहिल्या पदापासून शेवटच्या पदापर्यंत म्हटला आणि तर्जनी मांडीवरच राहिली. गोपीनाथांनी डोळे उघडले नाहीत. "आला," एवढंच म्हणाले, "दिना आला."

चैत्रात पक्के दात बसले. त्यानंतर दोघं रोज सकाळी दुर्गाघाटावरच्या वरच्या खोलीत बसत. पाच महिन्यांचा गंज होता, दम पुरत नसे, एकदा तर दिनानाथांनाच रागानं रडू आलं. पण शेवटचे अध्याय आखूड होते आणि एकही दिवस चुकला नाही. एक अध्याय, दुसरा, तिसरा. वैशाख उजाडला. विष्णु नाशिकहून आला आणि सामान बांधू लागला. अक्षय्यतृतीयेला दुपारी चाळिसाव्या अध्यायाचं शेवटचं पद दोघांच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. शरदिनींनी दारातून हात जोडले.

रिवाज असा, की संहिता संपली की तिथंच थांबायचं नाही. पहिला मंत्र पुन्हा म्हणायचा, म्हणजे अध्ययन संपलं असं होत नाही. दोघांनी तो म्हटला. मग नमस्कार करून उठायचं असतं. गोपीनाथांनी नमस्कार केला आणि काठीसाठी हात लांब केला.

तो लांब झालेला हात दिनानाथांनी बघितला. जबडा कापून घेतला, सुळा दिला, महिनोन् महिने तोंड मिटून बसलो, ते काय याच्यासाठी? पारायण अर्धवट होतं तोवर हा माणूस रोज जिना चढून येत होता. ते पुरं झालं. आता त्याला इथं थांबायला काही कारण उरलं नाही, आणि हे आपणच, हट्ट धरून, सगळ्यांचा सल्ला मोडून, पुरं केलं. त्यांना वाटलं, भाद्रपदापर्यंत थांबलो असतो तर?

मग त्यांनी हात उचलला आणि दुसरा मंत्र सुरू केला.

"दिना," गोपीनाथ म्हणाले, "एकच म्हणायचा असतो रे."

दिनानाथ थांबले नाहीत. पाठात असताना बोलता येत नाही, हे गोपीनाथांनाही ठाऊक होतं. ते काठी धरून उठलेही होते. मग काठी भिंतीला लावली, गुडघे धरत खाली बसले, आणि दिनानाथांनी सोडलेलं पद उचललं.

विष्णु जिन्यातून वर आला. "काकू, बाबांना सांगा ना. मैदागिनच्या नाक्यावर रिक्षा उभी करून आलोय."

"गाडी कितीची आहे?" शरदिनींनी विचारलं.

"सव्वापाचची."

"अजून दोन वाजायचेत," शरदिनी म्हणाल्या, आणि त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं. "रिक्षावाल्याला म्हण, चार वाजता ये."